सहाची हजेरी

"मॅडम, तुमच्या मशीनला खोटं ओळखता येतं का?"

उर्वी फाळकेनं उभं राहून प्रश्न विचारला आणि शाळेच्या सभागृहातल्या मागच्या तीन रांगांना एकदम खोकला झाला. मुलींना हसू दाबायचं असलं की होतो तो खोकला. पैज साधी होती. अलमास शिकलगारनं मधल्या सुट्टीत हा प्रश्न वहीच्या कोपऱ्यावर लिहून, फाडून तिच्या हातात दिला होता. सगळ्या गावासमोर विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन. वर्षापूर्वीची उर्वी असती तर कागद गिळून टाकला असता. तेव्हा वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणतानाही तिचा आवाज बाकाखाली जायचा. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून त्या आवाजाला असे काही पाय फुटले होते की आई म्हणायची, आधीची मुकी बरी होती, निदान कुकरची शिट्टी ऐकू यायची.

व्यासपीठावर मेजर वैजयंती गावंडे होत्या. सैन्याच्या डॉक्टर. फिरता दवाखाना घेऊन नऊ दिवसांत अकरा गावं करून त्या हरणखोलला आल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखाली ती अकराच्या अकरा गावं दिसत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," त्या म्हणाल्या. "खोटं ओळखता येत नाही. ते विश्वास ठेवतं. बनवलंच तसं आहे."

पुढच्या रांगांमध्ये गावातले पेन्शनीत आलेले जवान ताठ पाठीनं बसले होते. त्यातलं कुणी वळून पाहिलं नाही. उर्वीच्या पप्पांनीही नाही. त्यांच्या मानेवरची एक शीर तेवढी हलली.

"का विचारलंस?" मेजरबाईंनी विचारलं.

"सहज, मॅडम," म्हणून उर्वी खाली बसली आणि विजयी नजरेनं अलमासकडं वळली. अलमास हसत नव्हती. ती दोन्ही हातांत दप्तराचा पट्टा धरून बसली होती, पैज हरलेल्या माणसासारखी नाही, दाढ काढायला आलेल्या माणसासारखी.

हरणखोल हे साताऱ्याच्या डोंगरातलं गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उत्तरेत वीस हजार फुटांवर नवी ठाणी उभी राहिली. एवढ्या उंचीवर जायचं तर शरीराला टप्प्याटप्प्यानं सवय लावावी लागते, त्यात आठवडे जातात. मग उंचीची लस आली. एकदा टोचून घेतली की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहत आणि जवान खालून थेट वर जाऊन सहा-सहा महिने राहू शके. हरणखोलच्या एक्केचाळीस जणांनी ती टोचून घेतली. कुणाला काही त्रास झाला नाही. दहा वर्षं झाला नाही. मग त्याच रक्तवाहिन्या आकसायला लागल्या. आजाराचं डॉक्टरी नाव लांबलचक आहे. गावात त्याला बर्फछाती म्हणतात.

त्यावर औषध निघालं. आकसलेलं सैल करतं म्हणून त्याचं नाव सैलक. प्रयोगशाळेत वाढवायचं आणि जिभेखाली ठेवायच्या पातळ पापडीवर उतरवायचं. गुण चांगला, पण किंमत दर वर्षी वर. तीन वर्षांत ती चौपट झाली आणि एका रुग्णाच्या औषधात एखाद्या ठाण्याचं अख्ख्या हिवाळ्याचं खाणंपिणं निघेल असं वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हापासून सैन्याच्या आरोग्य योजनेनं घरोघरी मात्रायंत्र बसवलं. ज्याला जेवढी गरज, तेवढीच मात्रा. एक कणही वाया जायला नको.

फाळक्यांच्या घरी ते माजघराच्या भिंतीवर होतं, घड्याळाखाली. पिठाच्या डब्याएवढं, एक काचेचा डोळा असलेलं. रोज सकाळी सहाला ते नाव पुकारायचं. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं होतं सुभेदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वी मुद्दाम लवकर उठली आणि चहाचा कप घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसली. तिला काही शोधायचं होतं असं नाही. प्रश्न आपण विचारला आणि उत्तर मात्र आपल्याच मागं लागलं, एवढंच तिला झालं होतं. विश्वास ठेवतं म्हणे.

पप्पा पाचलाच उठले होते. निवृत्त हवालदार रणजित फाळके. सहाच्या आत खोकून संपवायचं असतं म्हणून ते पाचला उठतात, हे तिच्या आज प्रथमच लक्षात आलं. साडेपाचला ते खुर्चीत बसले. अर्धा तास एक शब्द नाही. आईनं चहा ठेवला तो न बोलता, कपबशीचा आवाज न करता, देवघरात ठेवावा तसा. सहाला पाच कमी असताना ते उठले, सदरा खोचला, ओल्या हातानं केस बसवले.

"हवालदार रणजित फाळके," सुभेदारानं पुकारलं.

"हाजिर, साहेब." टाचा जुळल्या.

बोट काचेवर. मग नळीत फुंकर. अर्धा तास साठवून ठेवलेला सगळा श्वास पप्पांनी त्या एका फुंकरीत ओतला. मग तीन प्रश्न.

"रात्री झोप लागली?"

"लागली, साहेब."

"जिना चढताना दम लागला?"

"नाही, साहेब."

"आणखी काही तक्रार?"

"सब ठीक, साहेब."

हिरवा दिवा लागला. खालच्या फटीतून पापडी सरकून बाहेर आली. पहिल्या वर्षी ती पोस्टाच्या तिकिटाएवढी असायची. आता करंगळीच्या नखाएवढी होती. पप्पांनी ती जिभेखाली ठेवली आणि काचेचा डोळा मिटेपर्यंत ताठ उभे राहिले. डोळा मिटला, आणि मग ते बसले. बसले म्हणजे खुर्चीनं त्यांना झेललं. ओठांचा रंग गेला होता. उर्वीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. श्वास ताळ्यावर यायला सतरा मिनिटं लागली.

हे सगळं ती रोज पाहत आली होती, समोरची भिंत पाहावी तसं. जिन्याचं तर पप्पा खोटंही बोलले नव्हते. जिना चढताना त्यांना दम लागत नाही, कारण ते जिना चढतच नाहीत. दिवाळीत त्यांचा पलंग वरच्या खोलीतून खाली आला होता. का, तर वर उकडतं म्हणून. दिवाळीत. हरणखोलमध्ये. जिथं त्या दिवसांत गोधडीतून नाक बाहेर काढवत नाही. आणि एवढी वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी, तिला ते पटलं होतं.

शाळेला निघताना ती अलमासच्या दारात थांबली. अलमास आत डबा भरत होती. अंगणात यासीनचाचा बाजेवर बसून विळे परजत होते. नायक यासीन शिकलगार. पप्पांचे जोडीदार, एकाच ठाण्यावर दोघं दोन हिवाळे राहिलेले. यासीनचाचांचं चाक विजेवर फिरायचं, तरी मधूनमधून ते हात खाली सोडून नुसते बसत.

"चाचा, सकाळी सुभेदाराला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? सब ठीक."

"आणि आहे का ठीक?"

चाचांनी चाक बंद केलं. "काल मॅडमना छळलंस, आज माझा नंबर होय?" ते हसले, आणि हसण्यानंच त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत ते विळ्याच्या पात्याकडं पाहत राहिले. "बघ पोरी, दुखणं सांगितलं की मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन गेलं, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. साहेबानं विचारलं की सब ठीक. ती सवय आहे एक. आणि दुसरं सांगतो, तुझ्या बापाला सांगू नको. वर आम्ही चौघं असायचो. वादळात रसद अडकली आणि चौघांत तीन डबे आले, की रणजित म्हणायचा, माझं पोट बिघडलंय, तुम्ही खा. दर वादळात त्याचं पोट बिघडायचं. आता औषध कमी येतंय. महाग झालंय, त्याला कोण काय करणार? मी म्हणतो माझं ठीक आहे. माझं वाचलं तर त्याला मिळेल."

"आणि पप्पापण तसंच म्हणत असतील तर? तुमच्यासाठी?"

"छट्," चाचा म्हणाले. पण चाक त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही.

वाटेत दप्तर अलमासच्या खांद्यावर होतं. दोघी ग्रामपंचायतीसमोरून निघाल्या. तिथं मोठी उजळ पाटी लावलेली. वर लिहिलेलं, 'आपल्या गावाची प्रकृती'. खाली एक्केचाळीस ठिपके. एक्केचाळीसही हिरवेगार. सरपंचांनी त्या पाटीसमोर फोटो काढून घेतला होता.

"तुला माहीत होतं," उर्वी म्हणाली.

"मला काय माहीत असणार?"

"अलमे."

अलमासनं दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "अब्बू हल्ली बसूनच झोपतात. आडवं झालं की गुदमरतं. मला विचारायचं होतं मॅडमना, पण मी उभी राहिले असते आणि रडले असते, आणि अब्बू पुढच्याच रांगेत. तुला कुठं काय वाटतं? तुला पैज लावली की तू विहिरीतपण उडी मारशील."

"आता दप्तर महिनाभर," उर्वी म्हणाली.

दुपारी तीनला शाळा सुटली तेव्हा मेजरबाई मैदानातल्या दवाखान्याच्या बसमध्ये डब्यातले थंड पोहे खात होत्या. सकाळपासून अठ्ठावीस जण तपासून झाले होते. अठ्ठावीसही जण स्वतःच्या तोंडानं ठीक होते.

"आलात खोटं पकडणाऱ्या," त्या म्हणाल्या. "बसा. पोहे घेणार?"

उर्वीनं सगळं एका दमात सांगितलं. पाचला उठणं, साठवलेली फुंकर, पलंग, सतरा मिनिटं. मग चाचा आणि तीन डबे. अलमासनं मध्ये फक्त एक वाक्य घातलं, बसून झोपण्याचं. मेजरबाईंनी डबा बंद केला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचीच उर्वीला भीती वाटली.

"मॅडम, चाचांचं वाचलेलं पप्पांना मिळतं का?"

"नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"बाळांनो, ही रसद नाही." मेजरबाईंनी समोरच्या टेबलावर दोन कप ठेवले. "सैलक एका मोठ्या पातेल्यात शिजत नाही. ज्याचं त्याचं, त्याच्याच पेशींपासून, वेगळ्या भांड्यात वाढवावं लागतं. म्हणून तर ते इतकं महाग. हा कप फाळक्यांचा, हा शिकलगारांचा. यातलं त्यात ओतलं तर त्यांचं शरीर ते परकं म्हणून बाहेर फेकून देईल. फाळके ठीक म्हणाले की फाळक्यांचं भांडं लहान होतं. शिकलगार ठीक म्हणाले की त्यांचं. यातलं त्याला कधी मिळतच नाही."

"मग वाचतं ते जातं कुठं?"

"कुठं जाणार? ते वाढवलंच जात नाही. गावाची गरज घटली असं वर कळतं. वरच्यांना बरं वाटतं, चला, एका गावाचा तरी प्रश्न सुटला. सीमेवरच्या, नंतर लस घेतलेल्या पोरांनाही लागायला लागलंय हे औषध. त्यांच्यासाठी पैसे कुठून आणायचे म्हणून सगळे हवालदिल आहेत." त्यांनी डोळे चोळले. "त्यात हरणखोलचे एक्केचाळीस हिरवे ठिपके. कौतुकाचं पत्र येणार आहे तुमच्या गावाला. एक्केचाळीस माणसं एकमेकांसाठी उपाशी राहताहेत आणि यंत्र समजतंय यांची पोटं भरलीत."

"तुम्ही सांगा ना वर."

"काय सांगू? मी विचारलं, की मलाही सब ठीक. तपासून थकवा दिसतो, पण यंत्राचे वर्षभराचे आकडे माझ्यापेक्षा जड पडतात." त्या थांबल्या. "उद्या सकाळी वार्षिक आढाव्याची हजेरी आहे. उद्याच्या उत्तरांवर वर्षाचं भांडं ठरणार. एकदा लहान केलेलं भांडं परत मोठं करायला वर्ष लागतं. तुझ्या पप्पांची मात्रा आणखी खाली आली तर..." पुढचं वाक्य त्यांनी डब्यासोबत पिशवीत टाकलं.

बसच्या खिडकीतून मैदान दिसत होतं. भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत होती आणि पप्पा कडेला खुर्चीत बसून शिट्टी मारत होते. त्यांनाही हे काम योजनेतूनच मिळालं होतं, प्रकृती हिरवी असलेल्यांना मिळतं तसं.

"घरच्या माणसाला साक्ष देता येते," मेजरबाई हळूच म्हणाल्या. "नियमात आहे. सोळा पूर्ण असलेलं कुणीही. आज पाचच्या आत माझ्याकडं नाव नोंदवायचं. मग उद्या यंत्र रुग्णाला विचारून झालं की साक्षीदाराला विचारील. अकरा गावांत एकानंही नाव दिलेलं नाही. आणि आधीच सांगते, खरं सांगितलंत तर औषध वाढेलच असं मी म्हणणार नाही. मागणी वाढली की वर आरडाओरडा होईल, कुणीतरी म्हणेल परवडत नाही. ठिपका लाल झाला की ती शिट्टीही जाईल. पण निदान कुणाला तरी कागदावर लिहावं लागेल, की माणूस आजारी आहे आणि आम्ही देत नाही. आत्ता कुणालाच काही लिहावं लागत नाही."

उर्वीला सोळा पूर्ण होऊन पाच आठवडे झाले होते. अलमासला तीन महिने. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मेजरबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन झाले होते.

संध्याकाळी पप्पा मैदानावरून आले. शिट्टी खुंटीला लावली आणि ओट्याच्या चार पायऱ्या चढून आल्यामुळं, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, दाराला टेकून उभे राहिले. आई मेथी निवडत होती. वर न बघता तिनं पायानं खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. तेव्हा उर्वीला कळलं की आईला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे.

"पप्पा, यासीनचाचा बसून झोपतात."

"कोण म्हणालं?"

"अलमास. आणि चाचा रोज सुभेदाराला सब ठीक सांगतात. तुम्हाला जास्त मिळावं म्हणून."

"येडं आहे ते," पप्पा म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं होतं? मी इकडं त्याच्यासाठी..." आणि तिथंच थांबले.

उर्वीनं स्वयंपाकघरातून दोन कप आणले आणि खाली ठेवले. "हा तुमचा, हा चाचांचा," म्हणून मेजरबाईंनी सांगितलं तसं सांगितलं. तिचा वक्तृत्वाचा आवाज आज कुठं गेला होता कोण जाणे. ती हळू बोलत होती, आणि मध्येच अडखळत होती. पप्पा त्या दोन कपांकडं पाहत राहिले. वर्षभर दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला घास त्याच्या ताटात कधी पोचलाच नाही, हे कळायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना लागला.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही."

"आमच्याकडं विचारत नाहीत, उर्वी."

"माहीतंय. म्हणून तर अलमासनं पैज लावून मला विचारायला लावलं."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "अहो, उद्या तरी खरं सांगा," ती म्हणाली. हे वाक्य तिनं मनात इतक्या वेळा म्हटलेलं असावं की त्यात राग उरला नव्हता, विनवणीही उरली नव्हती.

"उद्या आढावा आहे," पप्पा म्हणाले. "नाव पुकारल्यावर तोंडातून आपोआप जातं गं. चोवीस वर्षं तेच उत्तर दिलंय. मी नाही म्हणायचं ठरवलं तरी सब ठीकच बाहेर पडेल." त्यांनी खुंटीवरच्या शिट्टीकडं पाहिलं. "आणि पोरांची भरती पुढच्या महिन्यात आहे."

"मग तुम्ही म्हणा सब ठीक," उर्वी म्हणाली. तिनं दोन्ही कप उचलले, पण ते कुठं ठेवावेत हे तिला सुचेना, म्हणून ती ते हातात धरूनच उभी राहिली. "मी दुपारी साक्षीदार म्हणून नाव दिलंय. अलमासनंपण दिलंय. उद्या सहाला मी तुमच्या शेजारी उभी राहणार आहे, सदरा खोचून. तुमच्यानंतर सुभेदार मला विचारील आणि मी पलंग खाली का आला ते सांगणार. शिट्टी गेली तर मला रागवा, पाहिजे तेवढं रागवा. मी नाव मागं घेणार नाही. पण पप्पा, एकाच घरातून त्याला दोन उत्तरं मिळाली तर ते कुणावर विश्वास ठेवील, हे मॅडमनाही माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"